एकच डबी

कॅझच्या हातात काडतुसांची एकच डबी होती. ती माझ्या नजरेस पडली तेव्हा मी शिव्या देण्यात गर्क होते. तोंडाने नाही, मनातल्या मनात. पण त्या कुणाला ऐकू गेल्या असत्या तर बर्नीच्या बंदुकांच्या दुकानातली ती लांबलचक रांग कान झाकून बाहेरच्या बर्फात पळाली असती. निवडणूक नुकतीच आटोपली होती. वॉशिंग्टनला नवे लोक येणार, आले की आधी बंदुकांवर घाला घालणार, काडतुसांवर कर बसवणार, जास्त गोळ्या मावणारी बंदुकीची मॅगझिनं बंद करणार, असं कुणीतरी रेडिओवर बोललं होतं, कुणीतरी ते चर्चच्या पायरीवर दुसऱ्याला सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर आमचं सगळं ईरी शहर पेटलं होतं. तळ्यावरून बर्फाचं वादळ येणार म्हटलं की इथले लोक पाव आणि दूध पळवतात, तसे ते आता काडतुसं पळवत होते. माझ्या पुढे उभा असलेला इसम छातीपासून हनुवटीपर्यंत खोके रचून उभा होता. मी त्याला विचारलं, "काय रे, ही काडतुसं चालणारी बंदूक आहे का तुझ्याकडे?" तो म्हणाला, "अजून नाही. घेईन की." वर हसला. मला त्याच्या हनुवटीखालचा खोका ओढून काढावासा वाटला, म्हणजे सगळा डोलारा त्याच्याच पायावर कोसळला असता.

मला पाहिजे होता हरणाच्या रायफलीच्या काडतुसांचा एक खोका. सोमवारी शिकारीचा मोसम सुरू होणार होता. त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद असतात, म्हणून शाळेची बसही बंद, आणि बस चालवणारी मीही मोकळी. गेली कित्येक वर्षं मी वडिलांची जुनी रायफल घेऊन त्या सोमवारी जंगलात जाते. पूर्वी नवरा बरोबर असे. तो आता ॲरिझोनात एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर गोल्फ खेळतो, देव त्याच्या कंबरेचं भलं करो. तेव्हापासून कॅझ आणि त्याची बायको हेलन. हेलन बंदुकीला हात लावत नसे, ती थर्मासमध्ये बीटचं सूप आणायची आणि गाडीत बसून कोडी सोडवायची. ज्या माणसांनी आयुष्यात कधी थंडीत झाडाला पाठ लावून चार तास मुतायचं दाबून धरलं नाही, ती माणसं माझं काडतूस पोत्यात भरून घरी नेत होती आणि तळघरात ठेवणार होती. फळीवर नुसती किमतीची चिठ्ठी उरली होती. मी रांगेत थांबले होते ते एवढ्याचसाठी की बर्नी माझ्यासाठी एक खोका काउंटरखाली दडवून ठेवतो. निदान दर वर्षी ठेवायचा. या गर्दीत त्याला माझी आठवण असेल याचा भरवसा नव्हता.

आणि कॅझ थेट काउंटरपाशी होता. आधी मला त्याची पाठ दिसली, मग टोपी, मग वळला तेव्हा गाल. दाढी केली होती. मला इतकं बरं वाटलं की सगळ्या शिव्या क्षणभर विसरायला झालं. फेब्रुवारीत हेलन गेली तेव्हापासून हा माणूस घराबाहेर पडायचा तो फक्त कचरा ठेवायला, आणि कधीकधी तोही नाही. मीच त्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेलेला आहे. आता तो दुकानात आला होता, चारचौघांत उभा होता, शेजारी उभा असलेला एकजण त्याच्या खांद्यावर थाप मारत होता. "शहाणा आहेस, म्हाताऱ्या. आत्ताच घे. उद्या विचारशील तर हातकड्या घालतील." कॅझ मान डोलवत होता. मग मला काउंटरवरच्या रबरी चटईवर काय ठेवलंय ते दिसलं. पिस्तूल. जुनं, वापरलेलं, मुठीवरचं लाकूड झिजलेलं.

कॅझने जन्मात पिस्तूल घेतलं नव्हतं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, पिस्तूल पोलिसांचं आणि चोरांचं, मी दोन्हींतला नाही. इंजिनांच्या कारखान्यात माझ्या वडिलांच्या हाताखाली तो लागला तेव्हापासून मी हे वाक्य ऐकत आले. मी स्वतःशी म्हटलं, बाई, जग घाबरलंय, तोही घाबरला असेल. रेडिओ ऐकत असेल दिवसभर. एकटा माणूस दुसरं काय करणार? माझा राग पुन्हा रेडिओवर गेला, तिथून वॉशिंग्टनवर, तिथून त्या हनुवटीवाल्यावर. राग असा फिरत असला की बरं असतं, कुठेच टेकत नाही. बर्नी मानेत फोन धरून उभा होता. पिस्तूल विकायचं तर पोलिसांच्या कचेरीत फोन लावून विचारावं लागतं, या माणसाला विकू का म्हणून. एरवी दोन मिनिटांचं काम, पण आता सगळं राज्य एकदम फोन लावून बसलेलं, त्यामुळे पलीकडून नुसतं संगीत. बर्नी कंटाळला होता, आणि कंटाळला की तो विनोद करतो. कॅझच्या हातातल्या डबीकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "एकच डबी? अरे कॅझ, लोक पोत्याने नेतायत आणि तू काय, चव बघायला नेतोयस?"

रांग हसली. मीही हसले.

कॅझ म्हणाला, "मला पुरे आहे."

हे तो फार साधेपणाने म्हणाला. एवढ्या लोकांत दुसऱ्या कुणी वळूनही पाहिलं नाही. मला मात्र बसचा ब्रेक दाबावा आणि चाकं तशीच पुढे घसरत राहावीत तसं झालं. दुकानभर माणसं खोके कवटाळून उभी होती, कुणी बायकोला फोन करून विचारत होतं अजून घेऊ का, कुणाला पुढच्या वर्षीची काळजी, कुणाला नातवाच्या काळाची. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला पुढे खूप लागणार आहे. ही सगळी हावरट, भेदरलेली, मूर्ख माणसं निदान पुढचं वर्ष धरून चालली होती. आणि माझा कॅझ, एका डबीत त्याचं भागणार होतं.

त्याच्या बंदुका माझ्याकडे आहेत. मार्चमध्ये तो त्या घेऊन आला होता, हेलनने शिवलेल्या गोधड्यांत गुंडाळून. दार उघडलं तर हा पायरीवर उभा, दोन्ही हातांवर ते ओझं, तान्हं मूल धरावं तसं. म्हणाला, "वॉन्डा, या जरा ठेव." मी म्हटलं, "ठेवते." झालं. यापुढे बोलायचं नसतं. स्वतःच्या हातांचा भरवसा वाटेनासा झाला की माणूस बंदुका दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतो, आमच्याकडे ही रीत मी लहानपणापासून पाहिली आहे. माझ्या वडिलांकडे झिग्गी नावाचा फाउंड्रीतला माणूस असाच आला होता, त्याची बायको मुलं घेऊन निघून गेली तेव्हा. वडिलांनी एक शब्द विचारला नाही. त्याच्या बंदुका आईवडिलांच्या पलंगाखाली गेल्या, आणि आई सगळा हिवाळा त्यांच्या कडेकडेने झाडू मारत राहिली. दर रविवारी झिग्गी जेवायला यायचा. बिचारा ताटातलं इकडचं तिकडे करायचा आणि उठायचा. मी विचारलं, "बाबा, त्याला त्याच्या बंदुका कधी देणार?" वडील म्हणाले, "ताट पुसून खाईल तेव्हा." ईस्टरला झिग्गीने खरोखर ताट पुसून खाल्लं, पावाने रस्सा निपटला, आईला म्हणाला आणखी वाढ. वडील खुर्चीवरून उठले, पलंगाखालून बंदुका काढल्या आणि त्याच्या गाडीत नेऊन ठेवल्या. कुणीच काही बोललं नाही. मला वाटायचं, माणसं पारखायची विद्या ती हीच. कायद्याला ती येत नाही, डॉक्टरला येत नाही, आमच्या स्वयंपाकघराला येते. आता तर ऐकत होते की नव्या कायद्यात मित्राची बंदूक घरी ठेवायलासुद्धा परवानगी काढावी लागेल. म्हणजे आम्ही आयुष्यात जी एक धड गोष्ट करतो तिचाही गुन्हा! या विचाराने मी गेले दोन आठवडे जळत होते, बसमध्ये मुलांवर खेकसत होते.

आणि गेल्या रविवारी कॅझने ताट पुसून खाल्लं होतं. मी कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केला होता, हेलन करायची तसा, तिच्याइतका बरा नाही. उन्हाळाभर याच माणसाने माझ्या टेबलाशी बसून एका पानाचे आठ तुकडे केले होते आणि आठही ताटात ठेवले होते. रविवारी त्याने अख्खी तीन पानं खाल्ली. पावाने टोमॅटोचा रस निपटला. माझ्या नवऱ्यावरून एक घाणेरडा विनोद केला. मी आनंदाने वेडी व्हायची राहिले होते. म्हटलं, "कॅझ, सोमवारच्या आत तुझी रायफल घेऊन जा. नाहीतर जंगलात काय काठी घेऊन येणार?" तो म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. तुझीच समज." मी म्हटलं, "माझी कशाला?" तर म्हणाला, "तू नीट तेल घालतेस." ताट उचलताना त्याने माझ्या हातावर हात ठेवला, जरा जास्त वेळ. तो गेल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात पोल्का नाचाची रेकॉर्ड लावून भांडी घासली. बाबांची परीक्षा पास झाला म्हणून.

बर्नीच्या रांगेत उभी राहून मला कळलं की तो पास झाला नव्हता. त्याला ती परीक्षा ठाऊक होती. का नसेल? बाबांच्या हाताखाली तीस वर्षं काढली त्याने, झिग्गीची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. की तसंही नसेल? त्याचं ठरलं होतं, जिवाची घालमेल संपली होती, म्हणून भूक लागली? आणि तो हात, ते 'तुझीच समज'? माझा निरोप घेऊन गेला हा माणूस, माझ्याच टेबलावर, माझाच खिमा खाऊन, आणि मी पोल्का लावला! मला जो संताप आला तो यापूर्वी मला नवऱ्याचाही आला नव्हता. मी त्याच्या बंदुका कपाटात घातल्या, किल्ली माझ्या गळ्यातल्या मेरीमातेच्या पदकाशेजारी लटकवली, आणि समजले की दार लागलं. दार! बफलो रोडवर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उघडं असलेलं हे दुसरं दार होतं, बर्नीच्या दुकानाचं, वर दिव्यांची पाटी असलेलं. आणि बर्नी, हा बर्नी, ज्याने एकदा एका पोराला पिस्तूल विकलं नाही, कारण त्या पोराने बंदुकीविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. "गाडी घेताना माणूस टायरला लाथ मारून बघतो," बर्नी तेव्हा मला म्हणाला होता, "त्याने काहीच बघितलं नाही. मी म्हटलं, बाळा, घरी जा, आईला फोन कर." हाच तो माणूस. आज त्याच्या गल्ल्याशेजारची ती सूचनाही, गिऱ्हाइकाकडे नीट बघा अशी, खोक्यांच्या भिंतीमागे गेली होती. आज त्याला गिऱ्हाइकं दिसत नव्हती, नुसते हात दिसत होते.

फोनमधलं संगीत थांबलं. बर्नीने पाठ ताठ केली. "हो हो, ऐकतोय, बोला."

मी रांग सोडली. मागून कुणीतरी ओरडलं, "ए बाई, आम्ही काय इथे बर्फ बघायला उभे आहोत?" हनुवटीवाल्याला धक्का लागला आणि त्याचे खोके खरोखर कोसळले, काडतुसं फरशीवर सगळीकडे घरंगळली, मी त्यांच्यावरून तशीच गेले. काउंटरवरून वाकून मी फोनचा खटका दाबला.

बर्नी हातातल्या मुक्या फोनकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा बिटासारखा झाला. "वॉन्डा! डोकं फिरलंय का तुझं? अर्धा तास, अर्धा तास मी त्या लाईनीवर..."

"त्याला विचार, त्याच्या बंदुका कुठेत."

"काय?"

"सोमवारी मोसम आहे. त्याला विचार, त्याची रायफल कुठे आहे."

कॅझ माझ्याकडे बघतही नव्हता. हळू आवाजात, दातांतून, तो म्हणाला, "वॉन्डा, घरी जा."

"माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. माझा आवाज शाळेच्या बसमधला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मार्चपासून. चारही."

आमच्या भागात हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. रांगेच्या टोकापर्यंत ते गेलेलं मला ऐकू आलं, म्हणजे आवाज बंद होत गेलेले ऐकू आले. ज्याने कॅझच्या खांद्यावर थाप मारली होती त्याने हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. बर्नीने पहिल्यांदा कॅझच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग डबीकडे. मग पुन्हा चेहऱ्याकडे. रबरी चटईवरचं पिस्तूल त्याने उचललं आणि मागे कपाटात ठेवलं.

"आज नको, कॅझ," तो म्हणाला.

"माझे पैसे खोटे आहेत?"

"नाहीत. आज नको."

"मी वेडा नाही. मला कुठल्या कोर्टाने काही म्हटलेलं नाही. बंदूक घेणं हा माझा हक्क आहे, हो की नाही?" तो रांगेकडे वळला. "सगळा दिवस इथे हक्क हक्क चाललंय. बोला की आता!"

कुणीतरी मागून पुटपुटलं, "हक्क तर आहे त्याचा." त्याला शेजारच्याने कोपराने ढोसलं.  हनुवटीवाला खाली बसून काडतुसं वेचत होता. तो वेचायचा थांबला.

कॅझ बाहेर गेला. मी मागे. तळ्यावरून येणारा बर्फ आडवा मारत होता, आणि तो आपल्या गाडीच्या दाराला किल्ली लावायचा प्रयत्न करत होता, ती लागत नव्हती. मी जवळ गेले तर गरकन वळला. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. "चार माणसांत नागवं केलंस मला. सगळ्या गावात आता हेच. हेलन असती तर थोबाडीत मारली असती तुझ्या."

"तुझ्या मारली असती, गाढवा. आधी तुझ्या."

"तू कोण गं? कोण लागतेस माझी? बंदुका ठेव म्हटलं होतं, मला ठेव म्हटलं नव्हतं!"

"माझं जेवलास!" मी किंचाळले. दुसरं काही सुचलंच नाही. "माझ्या टेबलावर बसून ताट पुसून खाल्लंस, हरामखोरा! खोटं जेवलास!"

त्याच्या टोपीवर बर्फ साचत होता. मग तो म्हणाला, "चव खरी होती." आणि रडला, आवाज न करता, किल्ली हातात तशीच. मी ती काढून घेतली. हाताला धरून त्याला माझ्या गाडीत घातलं, पट्टा लावला, बसमध्ये लहान पोरांना लावते तसा. तिथून सरळ इस्पितळात नेलं. वाटेत तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मला तुझा तिरस्कार वाटतो. आयुष्यभर वाटेल." मी म्हटलं, "वाटू दे. पण मला कळायला पाहिजे. रोज सकाळी उठलास की फोन करून सांग." इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीने मला बाहेर बसवलं आणि त्याच्याशी बराच वेळ बोलली. माझ्या बाबांच्या ताटाच्या परीक्षेविषयी मी तिला सांगितलं नाही. तिने त्याला सरळ विचारलं म्हणे, मरावंसं वाटतं का. इतक्या महिन्यांत मी ते विचारलं नव्हतं, आमच्याकडे विचारत नाहीत. त्याने तिला सरळ उत्तर दिलं. या साध्या गोष्टीचाही मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तो सोमवार आला आणि गेला, मी जंगलात गेले नाही. कॅझची मुलगी पिट्सबर्गहून येऊन राहिली, तिने त्याला घरी आणलं, त्याच्या गोळ्या आणि डॉक्टरच्या फेऱ्या सांभाळल्या. आणि त्याने फोन केला. रोज. मी बस काढायच्या आधी, कॉफी ओतताना. "वॉन्डा, तू एक नंबरची नालायक बाई आहेस." मी म्हणायची, "ऐकलं." आणि तो फोन ठेवायचा. कधी नालायक, कधी चोंबडी, कधी पोलिश भाषेतलं काहीतरी जे माझी आई ऐकती तर साबणाने त्याचं तोंड धुती. मला मनापासून राग यायचा आणि मी मनापासून वाट बघायची. बर्नीने माझा खोका पाठवून दिला, सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. तो मी उघडला नाही, कपाटात कॅझच्या रायफलीशेजारी ठेवला.

परवा सकाळी फोन आला नाही. कॉफी झाली, निवली. मुलगी आदल्या दिवशी पिट्सबर्गला परत गेली होती. मी फोन लावला, नुसती घंटा वाजत राहिली. मी बसच्या कचेरीत कळवलं की मुलांना आणायला आज दुसरं कुणीतरी पाठवा, एका पायात बूट, एका पायात चप्पल, किल्ली शोधतेय, कोट उलटा घातलाय, आणि फोन वाजला.

"विसरलोच," कॅझ म्हणाला. "बाजारात गेलो होतो."

मग मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्याच्या सगळ्या महिन्याच्या शिव्या मी त्याला एका श्वासात परत केल्या, वर माझ्या घातल्या. त्याने ऐकून घेतलं. मध्ये एकदा खोकला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "झालं? आता ऐक. ते हेलनचं कोबीचं करून बघावं म्हणतो. तूही ये रविवारी. पानं फाटतात म्हणे, म्हणून दोन गड्डे आणलेत. पुरतील?"

मी तशीच उभी, उलट्या कोटात.

"नाही पुरणार," मी ओरडले. "आणखी आण!"